परिदंतविकार आणि उतारवयातील दंतपतन

परिदंतविकार : दाताला जबड्यात धरून ठेवणारी हिरडी, मुळाभोवतीचे तंतू आणि हाड यांचा जीवाणूजन्य दाहविकार. बोलीत याला सरसकट ‘पायोरिया’ म्हणतात. उतारवयात दात जाण्याची मुख्य कारणे दोन, कीड आणि हा विकार. वय हे स्वतः कारण नव्हे. ‘वयानं दात पडले’ असे घरोघरी म्हटले जाते, तेव्हा बहुधा वीस-पंचवीस वर्षे न दुखता चाललेला आजार शेवटाला आलेला असतो.

दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचणारा जीवाणूंचा चिकट थर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याचे किटण बनते. ते ब्रशने निघत नाही. लगतची हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. हा टप्पा पूर्ण बरा होणारा आहे. पुढे हिरडी दातापासून सुटते, मधे खिसा पडतो आणि त्याच्या तळाशी हाड झिजत जाते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. तपासताना दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणांची बोथट, बारीक सळई हिरडीच्या कडेने अलगद आत सरकवतो. निरोगी हिरडीत ती 1 ते 3 मिलिमीटर जाते, आजारी हिरडीत 5-6 किंवा त्याहून खोल. दात लांब दिसू लागणे, फटी पडणे, पू, तोंडाचा वास आणि दात हलणे ही नंतरची लक्षणे. किडका दात रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हिरडी तशी ठणकत नाही.

भारतीय दंत परिषदेच्या 2002-03 च्या राष्ट्रीय पाहणीत हा विकार, नुसत्या किटणापासून खोल खिशांपर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात, 35 ते 44 वयोगटातील सुमारे 90 टक्के आणि 65 ते 74 वयोगटातील सुमारे 80 टक्के लोकांत आढळला. म्हातारपणी हिरड्या सुधारतात असा याचा अर्थ घेऊ नये. ज्याला दातच उरला नाही, त्याच्या हिरडीत मोजायला खिसा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगातील साठीपुढच्या सुमारे 23 टक्के लोकांच्या तोंडात एकही दात नाही.

ठाणे जिल्ह्यात भिवंडी-वाडा रस्त्यावरचे शेलार हे यंत्रमागांच्या पट्ट्यातले गाव. या भागात, तसेच कोकणात आणि देशावरही, विकाराला मशेरीची जोड आहे. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरून डबीत भरायची; चिमूटभर तर्जनीवर घेऊन हिरडीला चोळायची आणि तोंडात धरून बसायचे. सकाळी एकदा म्हणून सुरुवात होते. मग दुपारची भांडी झाल्यावर, मग रात्री निजताना. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे नेहमीचे समर्थन. दात दुखत होता म्हणून लावायला लागले, असेही अनेक जणी सांगतात, आणि खरी अडचण इथेच आहे. निकोटिनने ठणका दबतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त येणे ही लवकरची खूणही झाकली जाऊ शकते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे विशेष दिसते. जिथे मशेरी घासली जाते तिथली हिरडी मात्र मागे सरकत राहते. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ती कायम केली. घरच्या तव्यापर्यंत मात्र कायदा पोचत नाही. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर ओढणारे 3.8 टक्के.

मधुमेहाशी या विकाराचे नाते दुहेरी आहे. साखर चढी असली की हिरड्या लवकर खराब होतात आणि हिरड्यांतील दाहामुळे साखर आवरत नाही. उपचारानंतर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा थोडा उतरतो.

उपचार म्हणजे किटण काढणे, मुळे खरवडून स्वच्छ करणे आणि खिसे खोल असल्यास शस्त्रक्रिया. ‘सफाई केल्याने दात हलायला लागतात’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. प्रत्यक्षात हाड आधीच गेलेले असते आणि किटणाने दातांना एकमेकांशी जखडून ठेवलेले असते. ते निघाले की फट उघडी पडते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो. शेलारकरांना जवळचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय.

दात गेल्यावर आधी ताट बदलते. शेंगदाणे, काकडी, मटकीची उसळ सुटते; आमटीत कुस्करलेली भाकरी आणि मऊ भात उरतो. कवळीने हे बरेचसे भरून निघते, पण दाताविना जबड्याचे हाड झिजत राहते आणि काही वर्षांत कवळी सैल होते. ती रात्री काढून पाण्यात ठेवावी. 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही मोफत देण्याची तरतूद आहे. काठी-चष्म्याइतकी ती लोकांना ठाऊक नसते.

जपानने 1989 मध्ये ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा हे जमलेले वृद्ध दहांत एकही नव्हते. 2016 च्या पाहणीत ते निम्म्याहून अधिक भरले.