कागद, प्लॅस्टिक की कापड? पिशवीचा इतिहास काय सांगतो

बाजारात जाताना कोणती पिशवी वापरावी, हा शालेय निबंधाचा आवडता विषय आहे. उत्तरही ठरलेले असते : प्लॅस्टिक वाईट, कागद बरा, कापड उत्तम. परंतु निकाल आधी आणि पुरावा नंतर, ही रीत विज्ञानाच्या तासाला चालत नाही. म्हणून या लेखात आपण पिशवीचा गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहू. प्रत्येक नवी पिशवी आधीच्या पिशवीतील एखादी उणीव दूर करण्यासाठी आली. तिचे स्वतःचे दोष मात्र ती कोट्यवधींच्या संख्येने वापरात आल्यावरच ध्यानात आले.

शिक्षकाचे यंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील दुकानदारही आपल्या वाण्याप्रमाणेच कागदात माल गुंडाळून देत असत. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम गावच्या फ्रान्सिस वोल यांनी १८५२ साली कागदी पिशव्या तयार करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. वोल पेशाने शिक्षक होते. पुढे ते मुलींच्या शाळेचे प्रमुख झाले, आणि गोड्या पाण्यातील शैवालांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. त्यांची पिशवी पाकिटासारखी होती. तिला सपाट तळ नसल्यामुळे ती उभी राहत नसे.

सपाट तळाची पिशवी यंत्राने घडवण्याची युक्ती मार्गारेट नाइट यांनी शोधली. त्या पिशव्यांच्या कारखान्यात काम करीत. त्यांच्या यंत्राचा नमुना तयार होत असताना तो पाहिलेल्या एका गृहस्थाने स्वतःच्या नावाने पेटंट मिळवण्याचा प्रयत्न केला. नाइट यांनी दावा लढवला, आपली रेखाचित्रे व टिपणे पुराव्यादाखल मांडली आणि १८७१ साली पेटंट मिळवले.

याच सुमारास कागदही सुधारला. कार्ल डाल यांनी १८७९ साली शोधलेल्या पद्धतीत लाकडाचे बारीक तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात शिजवतात. तंतूंना जखडून ठेवणारे लिग्निन त्यात विरघळते आणि सेल्युलोजचे लांब तंतू शाबूत राहतात. या तंतूंचा तपकिरी कागद इतका चिवट असतो की त्याला 'क्राफ्ट' हे नाव पडले. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे बळ.

परंतु हे बळ पाण्यापुढे टिकत नाही. कागदातील तंतू परस्परांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की हे बंध सुटतात आणि ओल्या भाजीची पिशवी तळातून फाटते. शिवाय या कागदासाठी लाकूड, पाणी आणि ऊर्जा ही तिन्ही मोठ्या प्रमाणावर लागतात.

फसलेल्या प्रयोगातून पॉलिथिन

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट व रेजिनाल्ड गिब्सन हे एथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांवर प्रचंड दाब देऊन पाहत होते. अपेक्षित अभिक्रिया झालीच नाही. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र आढळला. हेच पॉलिएथिलीन, म्हणजे आपल्या बोलण्यातले पॉलिथिन. १९३५ साली मायकेल पेरिन व त्यांच्या सहकाऱ्यांना ते खात्रीने पुन्हा तयार करता आले. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर विद्युतरोधक म्हणून त्याचा उपयोग झाला.

या पॉलिथिनच्या रेणूंच्या साखळ्यांना फांद्या असतात. काटेरी फांद्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. १९५३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सिग्लर यांनी असे उत्प्रेरक शोधले की ज्यांच्यामुळे कमी दाबाखाली जवळजवळ सरळ साखळ्या तयार होतात. सरळ काड्यांची मोळी घट्ट बसते. म्हणून या जास्त घनतेच्या पॉलिथिनचा अगदी पातळ पापुद्राही बराच भार पेलतो. या क्षेत्रातील कामगिरीसाठी त्सिग्लर आणि इटलीचे जूलिओ नाट्टा यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वीडनमधील सेलोप्लास्ट कंपनीतील स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी या प्लॅस्टिकची नळी चपटी करून, दोन्ही टोकांना डाग देऊन आणि वरचा एक तुकडा कापून बनियनच्या आकाराची पिशवी तयार केली. बंदही त्याच तुकड्यातून निघाले. वेगळे जोडावे लागले नाहीत. तिचे अमेरिकन पेटंट १९६५ चे आहे. कागदी पिशव्यांपायी होणारी वृक्षतोड थांबावी, आणि ही टिकाऊ पिशवी लोकांनी पुन्हा पुन्हा वापरावी, असा वडिलांचा हेतू होता, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले. १९८२ मध्ये अमेरिकेतील सेफवे व क्रोगर या मोठ्या दुकान-साखळ्यांनी ही पिशवी स्वीकारली. लोकांनी मात्र ती एकदा वापरून टाकून देण्यास सुरुवात केली.

पिशवी कोणाची जागा घेते?

येथे आपल्याकडच्या आणि अमेरिकेतल्या परिस्थितीतला फरक ध्यानात घ्यायला हवा. तेथे प्लॅस्टिकने दुकानातून मिळणाऱ्या कागदी पिशवीची जागा घेतली. आपल्याकडे डाळ, साखर, चहा यांच्या पुड्या रद्दीच्या कागदाच्या असत. त्या ज्या पिशवीत भरायच्या, ती मात्र घरून नेलेली असे; बहुधा जुन्या कपड्याची शिवलेली. 'कॅरी बॅग' फुकट मिळू लागली आणि घरची पिशवी खुंटीलाच राहिली. म्हणजे आपल्याकडे प्लॅस्टिकने झाडे वाचवली नाहीत. एका जुन्या सवयीची जागा घेतली.

तिचे परिणाम गटारांत दिसले. १९८८ व १९९८ च्या महापुरांत ढाक्यातील गटारे पिशव्यांनी तुंबली होती. २००२ साली बांगलादेशाने पातळ पिशव्यांवर देशभर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो पहिला देश होय. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुराला भरतीची वेळ, मिठी नदीवरील अतिक्रमणे आणि जुनी गटारे हीही कारणे होती, परंतु तुंबलेल्या पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. महाराष्ट्राने किमान जाडी ५० मायक्रॉन ठरवली, आणि मार्च २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी घातली. देशपातळीवर १९९९ मध्ये ही मर्यादा २० मायक्रॉन होती. डिसेंबर २०२२ अखेर ती १२० मायक्रॉन झाली.

जाडीचा एवढा आग्रह का, हे साध्या गणिताने कळते. २० बाय ३० सेंटिमीटरच्या पिशवीचे दोन थर धरले तर क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर. जाडी २० मायक्रॉन असेल तर आकारमान २.४ घन सेंटिमीटर, म्हणजे वजन सुमारे २.३ ग्रॅम. कचरा वेचणाऱ्या बाईला एक किलो भरायला अशा चारशेहून अधिक मळक्या पिशव्या उचलाव्या लागतील. १२० मायक्रॉनच्या सत्तर-पंचाहत्तर पुरतात. शिवाय जाड पिशवी दुकानदाराला फुकट देणे परवडत नाही. आयर्लंडने २००२ साली प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर लावला, तेव्हा दरडोई वार्षिक वापर अंदाजे ३२८ वरून २१ वर आला.

किती वेळा?

मग कापड निर्विवाद उत्तम का? इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली एक हिशेब प्रसिद्ध केला. एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीइतकाच हवामानावरील भार पडायचा असेल, तर कागदी पिशवी ३ वेळा, न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. (दुकानात 'कापडी' म्हणून मिळणारी, कपड्यासारखी दिसणारी पिशवी पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते; २०१८ च्या महाराष्ट्रातील बंदीत तीही होती.) डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात तुलनेची पिशवी वेगळी होती. तेथे साध्या सुती पिशवीसाठी हवामानाच्या दृष्टीने ५२ हा आकडा आला. ओझोनच्या थरासह सर्व परिणाम धरल्यावर तो ७१०० झाला. एकाच अहवालात, एकाच पिशवीसाठी, दोन उत्तरे! कारण प्रश्न दोन होते.

या आकड्यांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. दोन्ही हिशेबांत उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्याचा, म्हणजे ज्यामुळे ढाका आणि मुंबईत बंदी आली त्या दोषाचा, समावेश नाही. दुसरे असे की दोन्हीकडे सुती पिशवी नव्या कापसाची धरली आहे. सुताचा भार शेतातील पाणी, खते आणि गिरणीतील ऊर्जा यांतून येतो. जुन्या पँटची किंवा उशीच्या अभ्र्याची पिशवी शिवली, तर हा भार त्या कपड्याच्या खाती आधीच जमा झालेला असतो. उलट समारंभात वाटलेली, नाव छापलेली, कोरी सुती पिशवी कपाटात नुसती पडून राहिली, तर तिचा भार पूर्णच्या पूर्ण वाया जातो.

म्हणून आमच्या मते विद्यार्थ्यांपुढे प्रश्न मांडताना पदार्थाच्या नावापाशी थांबू नये. पिशवी घरून नेली की दुकानातून आली, ती किती वेळा वापरली आणि शेवटी कोठे गेली, हे तीन प्रश्न विचारावेत. एक सोपा उपक्रमही करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील सर्व पिशव्या मोजाव्यात, त्यांचे पदार्थानुसार गट करावेत आणि महिनाभर प्रत्येक वापराची नोंद ठेवावी. आठवड्यातून एकदा वापरली तर १३१ चा आकडा गाठायला अडीच वर्षे लागतात. घरातील कोणती पिशवी तो गाठेल आणि कोणती खुंटीवरच राहील, हे महिन्याअखेर त्यांनीच फळ्यावर मांडावे. त्यानंतर खुशाल निबंध लिहायला सांगावा.