नारायणगाव : तमाशाच्या पंढरीत



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी संगणकावर लिहीन, असं अनेकांना वाटलं असेल. ते तर रोजचंच काम आहे. मी लिहिते आहे तमाशावर. यात्रेत मुलगे कनातीत जाऊन बसायचे आणि आम्ही मुली घरात पडून लांबून येणारी ढोलकी ऐकायचो, त्या तमाशावर.

गेल्या मार्चमध्ये मी नारायणगावला गेले. पुण्याहून साधारण ७५ किलोमीटर, पुणे-नाशिक रस्त्यावर, जुन्नर तालुक्यात मीना नदीकाठी वसलेलं हे गाव. व्यापारी त्याला टोमॅटोच्या बाजारामुळे ओळखतात, तमाशा कलावंत मात्र त्याला आपली पंढरी मानतात. कारण गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, आत एक टेबल आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिटीचे पंच येतात, चहा होतो, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. फड दसऱ्याला बाहेर पडतात, पण वर्षाची खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांची. शंभराच्या आसपास माणसांचं पोट त्या एका वहीवर असतं. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभराची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. वह्या कोऱ्या राहिल्या. त्याचा अर्थ मला त्या राहुट्यांमध्ये उभी राहिल्यावर कळला.

तमाशाची मुळं जुनी आहेत. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा या शाहिरांनी लावणी बहरास आणली. पुढे गण, गौळण, बतावणी आणि वग अशी मांडणी पक्की झाली. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे जन्माने कुळकर्णी. घरदार सोडून ते फडात आले आणि पवळाबाईंच्या साथीने त्यांनी तमाशा गाजवला. त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं. पण ज्या मांग, महार, कोल्हाटी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ढोलकी, हलगी आणि तुणतुणं वाजतं ठेवलं, त्यांची नावं आपल्या धड्यांत नव्हती.

नारायणगावचं नाव राज्यभर गेलं ते भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडामुळे, आणि त्याहून जास्त भाऊंच्या लेकीमुळे. विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. भरल्या दिवसांत त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा आजही सांगितली जाते. ऐकणारे त्यांच्या जिद्दीचं कौतुक करतात. दोन बाळंतपणं झालेली बाई म्हणून मला वेगळाच प्रश्न पडतो. तिला त्या रात्री सुट्टी का मिळू शकत नव्हती? खेळ थांबला तर तिकिटाचे पैसे परत, आणि मग फडाने खायचं काय?

त्यांना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. तरी शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून तो वारसा पुढे नेला.

नारायणगावजवळच खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले क्षीण संकेत टिपतात आणि ते जपून ठेवले जातात. त्याच परिसरात रात्रभर रंगलेले कितीतरी वग मात्र कुणी टिपले नाहीत. ते सोंगाड्याच्या तोंडी होते आणि त्याच्याबरोबरच गेले.

आपण शाळेत होतो तेव्हा आपला जिल्हा परभणी होता. हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला. याच जिल्ह्यातलं नरसी संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. त्यांची ६१ पदं पंजाबात गुरु ग्रंथ साहिबात टिकली, कारण ती कुणीतरी लिहून ठेवली.

म्हणून एक सुचवते. साखरा आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या आहेत, भारूड म्हणणारे आहेत, गोंधळी आहेत, जुने हलगीवाले आहेत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. प्रत्येकाने एका माणसाचं गाणं, त्याच्या परवानगीने आणि त्याच्या नावासकट रेकॉर्ड करावं. फायली नीट लावून सर्वांना मिळतील अशा ठेवण्याचं काम माझं. आणि पुढच्या मेळाव्यात त्या माणसांना बोलावू तेव्हा मानधन देऊन बोलावू. नुसता शाल-नारळ नको.