कब्बाला आणि मांसाहार

कब्बाला ही ज्यू धर्मातील गूढवादी परंपरा आहे. या परंपरेत मांसाहाराचा प्रश्न केवळ आहारनियमांचा न राहता सृष्टीच्या शुद्धीशी जोडला गेला आहे. एकाच सिद्धान्ताच्या आधारे येथे मांसाहाराचे समर्थनही झाले आणि त्यावर मर्यादाही घातल्या गेल्या.

पार्श्वभूमी

हिब्रू बायबलमधील उत्पत्ती या ग्रंथानुसार पहिल्या मानवांना वनस्पतिजन्य आहार नेमून दिला होता. मांसाहाराची परवानगी नोहाच्या काळातील जलप्रलयानंतर मिळाली; मात्र रक्त वर्ज्य ठरले. प्राण्यांना विनाकारण यातना देण्यासही ज्यू धर्मशास्त्रात मनाई आहे.

ठिणग्यांचा सिद्धान्त

१६व्या शतकात गालील प्रदेशातील त्सफात हे नगर कब्बालाचे प्रमुख केंद्र बनले. तेथील आयझॅक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या मते, सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाश धारण करणारी पात्रे फुटली आणि त्या प्रकाशाच्या ठिणग्या सर्व वस्तूंत विखुरल्या. शुद्ध हेतूने व प्रार्थनापूर्वक अन्न ग्रहण केल्यास त्यातील ठिणग्या मुक्त होतात. मानवी आत्मा प्राणी, वनस्पती किंवा दगडातही जन्म घेऊ शकतो, अशी या संप्रदायाची धारणा आहे. या पुनर्जन्मास 'गिलगुल' म्हणतात. त्यामुळे विधिपूर्वक केलेला मांसाहार हे अशा आत्म्याच्या उद्धाराचे साधन मानले गेले.

मर्यादा

याच सिद्धान्तामुळे खाणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. तोराहचे ज्ञान नसलेल्याने मांस खाऊ नये, असे एक वचन तालमूदमध्ये आहे. अशा व्यक्तीला ठिणग्यांचे उन्नयन साधत नाही, असा त्याचा अर्थ कब्बालावाद्यांनी लावला. मोझेस कोर्दोव्हेरो (१५२२–१५७०) यांनी 'तोमेर देवोरा' या नीतिग्रंथात गरजेशिवाय वनस्पती उपटू नये व प्राणी मारू नये, असे सांगितले. लुरिया कीटकही मारत नसत, अशी नोंद त्यांचे शिष्य हाइम व्हितल यांनी केली आहे. १८व्या शतकात हसिदी पंथाने पशुवधाच्या सुरीच्या धारेबाबत विशेष काटेकोरपणा बाळगला; या सुऱ्या विरोधकांशी वादाचा विषय ठरल्या.

आधुनिक काळ

कब्बालाचे अभ्यासक व पॅलेस्टाइनचे पहिले अश्केनाझी प्रमुख रब्बी अब्राहम आयझॅक कूक (१८६५–१९३५) यांनी मांसाहाराची परवानगी ही मानवाच्या नैतिक दुर्बलतेमुळे दिलेली तात्पुरती सवलत मानली. भविष्यात मानव पुन्हा शाकाहाराकडे वळेल, असे त्यांचे मत होते. तथापि, माणसांमधील परस्पर क्रौर्य संपण्यापूर्वीच हा आदर्श सर्वांवर लादण्यास त्यांचा विरोध होता. त्यांचे याविषयीचे लेखन शिष्य डेव्हिड कोहेन यांनी संकलित केले. ज्यू शाकाहाराचे पुरस्कर्ते आजही त्याचा आधार घेतात.