दिनविशेष : ३० ऑगस्ट

१९०६ : गणितज्ञ ओल्गा टाउस्की-टॉड यांचा जन्म तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतील, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स शहरी झाला.

वेगात असलेल्या विमानाचे पंख कधी कधी थरथरू लागतात; थरथर वाढतच गेली तर विमान मोडते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील टेडिंग्टन येथे त्या याच प्रश्नावर काम करत होत्या. त्यासाठी मॅट्रिक्सची (संख्यांच्या चौकोनी मांडणीची) आयगेनमूल्ये, म्हणजे थरथर वाढेल की विरेल हे सांगणाऱ्या संख्या, हवी असत आणि आकडेमोड हाताने चालवायच्या यंत्रांवर होई. टाउस्की यांनी गणितज्ञ गेर्शगोरिन यांचे १९३१चे प्रमेय वापरले. ते असे : मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीसाठी एक वर्तुळ काढायचे; ओळीतील कर्णावरची संख्या हे केंद्र आणि उरलेल्या संख्यांच्या केवलमूल्यांची बेरीज ही त्रिज्या. सारी आयगेनमूल्ये अशा वर्तुळांतच असतात. त्यामुळे आयगेनमूल्ये नेमकी न काढता विमानाच्या स्थैर्याचा अंदाज येऊ लागला. संगणक आले तरी हे प्रमेय आजही शिकवले जाते, आणि त्याचे बरेच श्रेय टाउस्की यांच्या १९४९च्या छोट्या लेखाला जाते.

१९५७मध्ये त्या अमेरिकेतील कॅलटेक या विद्यापीठात गेल्या. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १९७१मध्ये मिळाले, वयाच्या पासष्टीच्या उंबरठ्यावर. एवढा उशीर त्यांच्यावर अन्यायच होता. रेषीय बीजगणित शिकवणाऱ्यांनी ती वर्तुळे फळ्यावर काढताना त्यांचेही नाव जरूर सांगावे.