माळ घातल्यानंतरचे चार दिवस

जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावात दारू सोडायची एक रुळलेली वाट आहे: एकादशीला तुळशीची माळ घालायची आणि त्या दिवसापासून थेंबाला शिवायचं नाही. ही वाट कमअस्सल नव्हे. माळेमागे दिंडी असते, टाळकरी असतात, शब्द मोडला तर चारचौघांची लाज असते. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटनाही अशाच सोबतीवर उभी आहे. तरी व्यसनाच्या अभ्यासात नव्यानं शिरणाऱ्यानं आधी माळेनंतरचे तीन-चार दिवस समजून घ्यावेत.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीवर मात करायला जादा चेतलेला राहतो. दारू एकाएकी थांबली की गुंगी जाते, ती चेतना मात्र राहते. सहा-आठ तासांत हात कापतात, घाम फुटतो. सकाळचा ‘उतारा’ लागतो तो यासाठीच. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. त्यानंतर थोड्यांना भ्रम होतो. माणूस कोऱ्या भिंतीवरचे किडे झटकतो, नसलेला दोरा चिमटीत धरून ओढत बसतो, बायकोला ओळखत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं; नि जीप देवऋषाकडे वळते. उपचार मिळाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो.

खरं तर उपचार हाताशी आहेत. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देऊन डॉक्टर त्याची मात्रा रोज उतरवत नेतात. जोडीला थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व. अशक्त माणसाला ग्लुकोजची बाटली लावायचा आपल्याकडे भारी सोस. पण दारूनं थायमिन आटलेल्या मेंदूला नुसती ती बाटली घातक ठरू शकते. माझ्या मते या शास्त्रातलं एवढं तरी आधी खेड्यात पोचावं.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं ते गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, लाटेमुळे. गर्दची टर्की, म्हणजे ती सोडतानाची तडफड, बघवत नाही, पण तिच्यानं सहसा जीव जात नाही. राजरोस विकल्या जाणाऱ्या दारूचं तसं नाही. दारूचे हे पहिले दिवस निभावले की पुढचे महिने समुपदेशनाचे, कुटुंबाचे, काहींना नाल्ट्रेक्झोनसारख्या औषधांचे. पाय घसरणंही त्यात आलंच. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या साधारण 38 जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं.

माळ जरूर घालावी. त्याआधी डॉक्टरांना रोज किती, किती वर्षं, शेवटची क्वार्टर कधी आणि मागे सोडताना फिट आली होती का, एवढं सांगावं.