फिफ्थ व्हील ट्रेलरचे पाय अडतात तेव्हा

उरणच्या रस्त्याला कंटेनर वाहून नेणारे ट्रेलर अनेकदा दोन लोखंडी पायांवर एकटेच उभे असलेले दिसतात. चालकाने हँडल फिरवून ते पाय जमिनीला टेकवलेले असतात आणि पुढचा 'घोडा' सोडवून तो दुसऱ्या फेरीला निघून गेलेला असतो. अमेरिका आणि कॅनडात हीच रचना पर्यटनासाठी वापरली जाते. स्वयंपाकघर, शयनगृह, स्नानगृह असलेले अख्खे घर चाकांवर बसवलेले असते आणि त्याचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या हौद्यातील जोडणीवर टेकतो. याला 'फिफ्थ व्हील' ट्रेलर म्हणतात. घोडागाडीचा पुढचा आस सहज वळावा म्हणून त्यावर एक आडवे चाक बसवीत. चार चाकांव्यतिरिक्तचे हे पाचवे चाक म्हणून हे नाव रूढ झाले.

ट्रक सोडवला की ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार दोन पायांवर येतो. त्या पायांना 'लँडिंग गिअर' असे विमानातले नाव आहे. योगायोग असा, की १९२० च्या दशकात असे पर्यटन ट्रेलर बनविणाऱ्यांत ग्लेन कर्टिस हे विमानविद्येतील अग्रणी होते. एकूण वजनाच्या साधारण २० ते २५ टक्के वजन पुढे असते. म्हणजे ६ टनांच्या ट्रेलरमध्ये सव्वा ते दीड टन भार या दोन पायांनी पेलायचा असतो. म्हणूनच हे पाय अडले की सहल खोळंबते एवढ्यावरच प्रश्न थांबत नाही. केवळ या पायांच्या आधारावर उभ्या असलेल्या ट्रेलरखाली शिरणे जिवावर बेतू शकते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावणे हे पहिले काम. ट्रक अजून जोडलेला असेल तर तो तसाच राहू द्यावा. भार ट्रकवर असताना पाय मोकळे राहतात आणि तपासणी निर्धोकपणे करता येते. ट्रक आधीच सोडवला असेल, तर ट्रेलरच्या सांगाड्याला योग्य क्षमतेचे स्वतंत्र टेकू दिल्याशिवाय काहीही उघडू नये.

बहुतेक ट्रेलरांत १२ व्होल्टची एकच मोटर एका पायाला फिरवते आणि आडव्या शाफ्टमधून तीच गती दुसऱ्या पायापर्यंत पोहोचते. बटण दाबूनही काहीच हलत नसेल, तर मोटर जळाली असे मानण्याची घाई नको. दोष बहुधा विजेच्या वाटेत असतो. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भारित असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; आकडा १२ च्या खाली गेला असेल तर ती बरीचशी रिकामी झाली आहे. मात्र मोजमाप बटण दाबलेले असतानाच घ्यावे. एरवी ठीक वाटणारी बॅटरी भार पडताच कोलमडते. बॅटरीपाशी दाब पुरेसा आणि मोटरपाशी कमी असेल, तर गंजलेली जोडणी, सैल झालेली अर्थिंगची तार किंवा बॅटरीजवळचा सर्किट ब्रेकर यांपैकी एक दोषी असतो. मोटरपाशीही पुरेसा दाब मिळत असून ती फिरत नसेल, तरच मोटरकडे बोट दाखवावे. नुसता 'टक' असा आवाज येऊन थांबणे हेही पुष्कळदा अशक्त बॅटरीचेच लक्षण असते.

एक पाय हलतो आणि दुसरा जागेवरच राहतो, ही तक्रार अधिक गंभीर आहे. येथे शाफ्ट व पाय यांना जोडणारा छोटासा बोल्ट तुटलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बटण दाबत राहिल्यास सगळा भार एकाच पायावर येऊन सांगाडा पिळला जातो. तुटलेल्या बोल्टच्या जागी हाताला लागलेला अधिक कडक बोल्ट ठोकण्याचा मोह आवरावा. काही रचनांत तो बोल्ट गिअर वाचावेत म्हणून मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो. तो तुटला नाही तर पुढच्या वेळी गिअरचे दाते जातात. नवा बोल्ट घालण्यापूर्वी दोन्ही पाय सारख्याच उंचीवर आणावेत, अन्यथा ट्रेलर कायमचा तिरपा उभा राहील. मोटर फिरण्याचा आवाज येतो पण दोन्ही पाय स्थिर, असे असल्यास गिअरबॉक्समधील दाते झिजले आहेत किंवा मोटरजवळची जोडणी तुटली आहे.

मुक्काम संपला आणि पाय वर येईनात, अशी वेळ आल्यास हाताने फिरवण्याचे हँडल कामी येते. त्याचे छिद्र बहुधा रबरी बुचाखाली असते. काही रचनांत आधी मोटर अलग करावी लागते. काही जण हँडलऐवजी ड्रिल यंत्र लावतात. पाय टोकाला पोहोचताच ते मनगटाला जोरदार हिसका देते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मोठ्या ट्रेलरांत पाय हायड्रॉलिक असतात. तेथे तेलाची पातळी सर्व पाय वर घेतलेले असताना पाहावी, नाहीतर ती फसवी दिसते. उभे केलेले पाय रात्रीतून हळूहळू खचत असतील, तर गळती किंवा झडपेतील घाण हे कारण असू शकते. कोणते तेल घालायचे हे उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच ठरवावे.

यातील बरेचसे बिघाड वापरणाऱ्याच्या सवयीतून उद्भवतात. पायाचा खालचा भाग खिळ काढून आधी शक्य तितका खाली सोडावा आणि मोटरला शेवटची काही इंचच उचल करू द्यावी. संपूर्ण उंची मोटरनेच गाठायची ठरवल्यास स्क्रूवरचा ताण वाढतो आणि लांब बाहेर आलेला पाय डगमगतो. जमीन उताराची असेल तर दोन्ही बाजूंच्या खिळी वेगवेगळ्या छिद्रांत बसवाव्यात. भुसभुशीत मातीवर पायांखाली लाकडी फळ्या द्याव्यात. ट्रक जोडल्यावर पाय जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढेच उचलून, ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक हलकेच पुढे ओढून पाहण्याची पद्धत अनुभवी चालक पाळतात. जोडणी नीट लागली नसेल तर ट्रेलर ट्रकच्या हौद्यावर न आदळता पायांवरच टेकतो.

पाय खाली असतानाच गाडी पुढे नेल्याने ते वाकण्याचे प्रकारही होतात. असा पाय घणाने सरळ करता येतो, पण आतला स्क्रू वाकलेलाच राहतो आणि मोटर दर वेळी त्याच ठिकाणी अडखळते. तो बदलावाच लागतो.