चिंच, तबेला आणि काडतुसाचे पितळ

१/१८
सणाच्या आदल्या दिवशी शहापूर-मुरबाडकडच्या परसात पितळी समई, कळशी आणि घंगाळ बाहेर निघते. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, नारळाच्या काथ्याचा बोळा. घटकाभरात काळवंडलेले पितळ सोन्यासारखे झळकू लागते. काडतुसाची पुंगळीही पितळेचीच असते आणि ती पुन्हा वापरायची तर तिलाही असेच धुवावे-उजळावे लागते. फरक एवढाच की समई नीट उजळली नाही तर पाहुण्यांसमोर मान खाली जाते. पुंगळीच्या पितळात दोष राहिला तर बंदूक धरणाऱ्याच्या जिवावर बेतते.

२/१८
हा धातू या परिसराला नवा नाही. सहाव्या शतकातील ग्रीक भाषेत लिहिणारा प्रवासी कॉस्मस याने कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात ज्या धातूचे नाव घेतले आहे, त्याचा अर्थ तांबे असाही होतो आणि पितळ असाही. बंदरातून देशावर जाणारी जुनी वाट मुरबाड तालुक्यातून नाणेघाट चढत असे. ‘काडतूस’ हा शब्द मात्र समुद्रावरून आला. त्याचे मूळ पोर्तुगीज भाषेत आहे आणि पोर्तुगीजांची सत्ता शेजारच्या वसईत १७३९ पर्यंत होती.

३/१८
पितळी पुंगळी येण्यापूर्वी बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी सारायची, गजाने ठासायची. सोरा, गंधक आणि कोळसा मिळाला की दारू गावातही कुटता येई. शिसे वितळवून गोळी ओतता येई. सह्याद्रीच्या याच रांगांत बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांच्या काळापर्यंत बंदूक बाळगणारा माणूस दारूगोळ्यासाठी कारखान्यावर अवलंबून नव्हता.

४/१८
लष्करांत मात्र कागदी काडतूस त्याआधीपासूनच रूढ होते. मोजलेली दारू आणि गोळी कागदाच्या नळकांड्यात गुंडाळलेली असे. एन्फिल्ड बंदुकीचे असे काडतूस दाताने फाडावे लागे आणि त्यावरील चरबीच्या संशयाने १८५७ मध्ये पेट घेतला, हे सर्वश्रुत आहे. पण या काडतुसाचा दुसराही एक दोष होता, आणि त्याचा धर्माशी संबंध नव्हता: कागद पावसात भिजतो. चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या मुलखात ओली दारू म्हणजे निरुपयोगी बंदूक.

५/१८
१८६६ च्या सुमारास वूलिच येथील शाही प्रयोगशाळेचे अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर बंदुकीसाठी धातूचे काडतूस तयार केले. आरंभी ही पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून बनवत; पुढे ती एकसंध पितळातून ओढून घडवली जाऊ लागली. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी छोटी टोपी, म्हणजे प्रायमर, हे तिन्ही एकाच कवचात आले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला.

६/१८
यासाठी पितळच का? बार उडताच आतील वायूंच्या दाबाने पुंगळी फुगते, बंदुकीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. हे फुगणे आणि आकसणे साधते ते ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त या मिश्रणाला. धातुशास्त्रात या पितळाला आजही काडतुसी पितळ म्हणतात.

७/१८
पुंगळी घडवताना पितळी चकतीला आधी वाटीचा आकार देतात. मग ती वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब करतात. प्रत्येक ओढीने पितळ कडक होते; म्हणून मध्ये मध्ये ते तापवून मऊ करावे लागते. तापवल्यावर काळा थर येतो. तो सौम्य गंधकाम्लात बुडवून काढतात आणि पुंगळी स्वच्छ पाण्याने धुतात. परसातील चिंच आणि कारखान्यातील आम्ल यांचे काम एकच: धातूवर चढलेला ऑक्साइडचा थर विरघळवणे.

८/१८
एवढी यंत्रे आणि एवढ्या भट्ट्या गावात उभ्या राहणे शक्य नव्हते. बंदुकीची सूत्रे त्यामुळे कारखान्याकडे, म्हणजेच सरकारकडे गेली. त्यातच १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यासाठी परवाना आवश्यक ठरला; युरोपीयांना त्यातून सूट मिळाली. पण बार झाल्यावर पुंगळी नष्ट होत नाही. ती जमिनीवर पडते, आणि जाणत्या हाती पडली तर पुन्हा भरता येते.

९/१८
पुंगळ्या पुन्हा भरण्याची रीत तेव्हा उघड आणि सर्वमान्य होती. दूरच्या जंगलात जाणारे शिकारी भरण्याची हत्यारे बरोबर नेत. अमेरिकेच्या लष्कराने तर १८८० च्या दशकात सैनिकांच्या सरावासाठी तुकड्यांना तशी साधने दिली होती. मात्र एक पथ्य सगळीकडे सांगितले जाई: बार झाल्यावर पुंगळी लवकरात लवकर धुवा. काळ्या दारूची काजळी हवेतील ओलावा ओढून घेते आणि पितळ खाऊ लागते. रात्रभर तशीच राहिलेली पुंगळी दुसऱ्या दिवशी डागाळलेली दिसे.

१०/१८
धुण्याने काजळी जाते. प्रत्येक दोष मात्र जात नाही. त्या काळच्या प्रायमरमध्ये पाऱ्याचे स्फोटक संयुग असे. काळ्या दारूची भरपूर काजळी त्यातील बराचसा पारा आपल्यात सामावून घेई. १८८९ मध्ये एबल आणि ड्युअर यांनी कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आणली. काजळी कमी झाली, पण आता पारा सरळ पितळात मुरू लागला. पुंगळी वरून लख्ख दिसे. आतून ठिसूळ झालेली असे. ती पुन्हा भरली की फाटण्याचा धोका. चिंच असो वा आम्ल, मुरलेला पारा कशानेच निघत नाही.

११/१८
याहून मोठे कोडे हिंदुस्थानच्या पावसाने घातले. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत आणि दारूगोळा तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की न वापरलेल्या, कोऱ्या काडतुसांच्या पुंगळ्यांना चिरा गेलेल्या आढळत. गोळी जिथे पितळात घट्ट आवळलेली असते, त्या मानेजवळ चिरा विशेष दिसत. ना कोणी त्या हाताळल्या, ना आपटल्या. ठराविक ऋतूत उद्भवणाऱ्या या दोषाला इंग्रजांनी नावच दिले: ऋतूची चीर.

१२/१८
ओलावा दोषी आहे, हा पहिला तर्क. शहापूरच्या घरात ज्या हवेने आषाढात मिठाचे पाणी होते, ती हवा धातूलाही बाधणार, असे वाटणे साहजिक होते. पण मग त्याच हवेत पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी कळशी का चिरत नाही? नुसता ओलावा हे उत्तर पुरेसे नव्हते. पाण्याबरोबर आणखी काहीतरी हवे होते, आणि पितळाच्या अंगातही काहीतरी हवे होते.

१३/१८
१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या धातुशास्त्रज्ञांनी उलगडा केला. तबेल्यात घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया वायू सुटतो. दमट हवेत तो पुंगळीवरील ओलाव्यात विरघळतो. तांबे हे अमोनियाचे खास भक्ष्य. दोहोंच्या संयोगातून गडद निळे द्रावण तयार होते. त्यात पुंगळी साच्यातून ओढून घडवलेली, म्हणजे तिच्या अंगात ताण आधीच कोंडलेला. अमोनिया धातूच्या कणांमधील सांध्यांत शिरतो आणि कोंडलेला ताण त्या सांध्यांतून पितळ उसवत नेतो.

१४/१८
उपाय साधा निघाला. घडवून झालेली पुंगळी सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत हलकेच तापवायची. एवढ्या उष्णतेने तिची ताकद घटत नाही, पण अंगातील ताण सैल होतो. शिवाय दारूगोळा तबेल्यापासून दूर ठेवायचा. घोड्यांच्या तबेल्यातून सुरू झालेला हा शोध पुढे धातुशास्त्राच्या एका मोठ्या शाखेचा पाया ठरला. ताण आणि रसायन एकत्र आले की मजबूत धातूही कसा तडकतो, याचा विचार आज पितळी नळांपासून बॉयलरपर्यंत केला जातो.

१५/१८
दरम्यान रिकाम्या पुंगळीचे मोल दुसऱ्याच कोणीतरी ओळखले होते. वायव्य सरहद्दीवरील कोहाट खिंडीत आफ्रिदी कारागीर इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब प्रती घडवत आणि लष्कराच्या वापरलेल्या पुंगळ्या मिळवून भरत. सैन्याच्या .३०३ काडतुसात बर्डन पद्धतीचा प्रायमर असे. त्याला मध्यभागी एक छिद्र नसून कडेला दोन बारीक छिद्रे असतात, त्यामुळे जुनी टोपी काढणे किचकट होते. कारागिरांनी तेही साधले. म्हणून चांदमारीनंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करण्याचा दंडक कडक झाला. हरवलेली पुंगळी म्हणजे उद्याची संभाव्य गोळी.

१६/१८
काडतुसांवरील या मक्तेदारीचा अर्थ मुरबाडच्या रानानेही पाहिला. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने वीजवाहक मनोरे पाडून मुंबईकडे जाणारी वीज तोडण्याची मोहीम हाती घेतली. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात सशस्त्र पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना तिथे वीरमरण आले. कोतवाल अवघ्या तीस वर्षांचे होते. एका बाजूला कोठारे, कारखाने आणि मोजलेली काडतुसे असलेले सरकार. दुसऱ्या बाजूला रानाचा आसरा घेतलेले मूठभर तरुण. दर २ जानेवारीला सिद्धगडावर त्यांना आजही अभिवादन केले जाते.

१७/१८
स्वातंत्र्यानंतर पितळाचे हे काम जिल्ह्यातच आले: अंबरनाथच्या आयुध निर्माणीत. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगावचा काडतूस कारखाना सुरू झाला. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा आजही गुन्हा आहे. ज्या देशांत नेमबाज स्वतः पुंगळ्या भरतात, तिथे त्या मक्याच्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भरड्यात घुसळतात, नाहीतर सौम्य सायट्रिक आम्लात धुतात. हेतू शोभेचा नसतो. कचरा साच्याला ओरखडे पाडतो आणि काजळीखाली चीर लपते. अमोनिया असलेले पॉलिश मात्र तिथे वर्ज्य मानतात. पितळ त्यानेही चकाकते. पण तबेल्यातला शत्रू बाटलीतून घरात येतो.

१८/१८
शेवटी एक लहानशी खूण. अनेक देशांच्या लष्करी काडतुसांवर मानेजवळ निळसर-तपकिरी छटा दिसते. नवख्याला तो डाग वाटतो. वस्तुतः मान तापवून मऊ केल्याची ती साक्ष असते, आणि तपासनिसाला ती दिसावी म्हणून कारखाना मुद्दाम पुसत नाही. पारा मुरलेली पुंगळी लख्ख दिसत असे. ताण निघालेली पुंगळी डागाळलेली दिसते. परसातील समईला चकाकी पुरते. काडतुसाच्या पितळाची परीक्षा मात्र त्याने काय सोसले आणि कुठे मुक्काम केला यावरून होते, हे हिंदुस्थानच्या पावसाळ्याने जगाला शिकवले.

(समाप्त)